आइस बाथ आणि क्रायोथेरपी: किती गार, किती वेळ, कोणासाठी

उणे ११० अंश सेल्सिअसच्या खोलीत तीन मिनिटं उभं राहायचं, की १२ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसायचं? आकडे पाहिले तर पहिला पर्याय कितीतरी जालीम वाटतो. पण थंडी स्नायूंपर्यंत पोहोचवायची असेल तर साधं गार पाणीच जास्त काम करतं. पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगानं उष्णता वाहून नेतं. अशा गार खोलीतली, म्हणजे क्रायो चेंबरमधली, हवा भयंकर गार असली तरी कोरडी असते, आणि अंगालगत ऊबदार हवेचा पातळ थर टिकून राहतो. त्यामुळे कातडी झपाट्यानं गार पडते, पण आतल्या स्नायूंचं तापमान तीन मिनिटांत फारसं उतरत नाही. पाण्यात अंगाची उष्णता सतत निघून जात राहते, शिवाय पाण्याचा दाबही चारी बाजूंनी पडतो.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण असं की, या विषयात लोक तापमानाच्या आकड्याला भुलतात. जितकं गार तितकं गुणकारी, जितका वेळ सोसलं तितका फायदा, असं धरून चालतात. थंडी हा शरीराला दिलेला ताण आहे. तो कशासाठी हवा ते आधी ठरवायचं, मग त्याचं माध्यम, तापमान आणि वेळ ठरवायची. पुढचं सगळं याच क्रमानं मांडलं आहे.

## तीन वाटा

पहिली वाट म्हणजे गार शॉवर. अंगाचा थोडाच भाग एका वेळी गार होतो, हवं तेव्हा नळ बंद करता येतो, म्हणून नवख्यांसाठी हीच सर्वात सुरक्षित. दुसरी म्हणजे गार पाण्यात छातीपर्यंत किंवा मानेपर्यंत बसणं, अर्थात आइस बाथ. व्यायामानंतर अंग सावरण्यासाठी सर्वात जास्त अभ्यास याच प्रकाराचा झाला आहे. तिसरी वाट क्रायोथेरपीची. तिच्यात दोन अगदी वेगळी यंत्रं येतात. एकात विजेवर गार केलेल्या बंद खोलीत सगळं शरीर, डोक्यासकट, आत जातं. दुसऱ्यात डोकं बाहेर ठेवून उभ्या कॅबिनमध्ये शिरायचं असतं आणि आत द्रव नायट्रोजनची वाफ सोडतात. दोन्हींना सर्रास एकच नाव वापरलं जातं, पण त्यांचे धोके वेगळे आहेत. त्याबद्दल पुढे.

सर्वांगाच्या क्रायोथेरपीची सुरुवात खेळाडूंसाठी झालेली नाही. १९७८ मध्ये जपानचे डॉक्टर तोशिमा यामाउची यांनी ती ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या (सांधे सुजवणाऱ्या आजाराच्या) रुग्णांसाठी वापरली. पुढच्या दशकात ती जर्मनी आणि पोलंडमध्ये पोहोचली. खेळाडू, वेलनेस सेंटर आणि सौंदर्योपचार ही मंडळी नंतरची.

## पहिल्या मिनिटात अंगात काय होतं

हा भाग नीट समजून घ्या, कारण बहुतेक अपघात इथेच होतात.

गार पाणी छातीला आणि पाठीला लागताच कातडीतल्या थंडी ओळखणाऱ्या चेताटोकांकडून मेंदूला एकदम संदेशांचा लोंढा जातो. आपोआप एक मोठा श्वास आत ओढला जातो, तो रोखता येत नाही. लगोलग धाप लागते, श्वास उथळ आणि भराभर चालतो, नाडी उडते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. याला शीतधक्का म्हणता येईल. साधारण तिसाव्या सेकंदाच्या आसपास तो शिगेला असतो आणि एक ते तीन मिनिटांत ओसरतो. नदीत किंवा तलावात अचानक पडलेली पट्टीची पोहणारी माणसंही बुडतात, ती अनेकदा याच काळात. गारठून मरायला वेळ लागतो. पहिला अनावर श्वास पाण्याखाली घेतला गेला की तेवढ्यानं घात होतो.

पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन यांनी या प्रतिक्रियेचा कित्येक वर्षं अभ्यास केला आहे. त्या संशोधनातून दोन गोष्टी आपल्या कामाच्या निघतात. एक, शीतधक्क्याची सवय होते. दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनंतर तो जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे सुरुवातीला लांब बसण्यापेक्षा थोडा वेळ पण पुन्हा पुन्हा बसणं शहाणपणाचं. दोन, चेहरा गार पाण्यात गेला की शरीर नेमकी उलटी आज्ञा देतं: हृदय हळू कर. एकीकडे शीतधक्का ठोके वाढवतोय, दुसरीकडे चेहऱ्याचा ओलावा ते कमी करतोय, अशा ओढाताणीत निरोगी माणसाच्याही हृदयाचा ताल बिघडू शकतो. म्हणून टबमध्ये डोकं बुडवायचं नाही आणि श्वास रोखायचा नाही. पाण्यात उतरण्याआधी मुद्दाम भराभर श्वास घेण्याचे जे प्रकार चालतात, त्यांना पाण्याच्या आसपासही फिरकू देऊ नका. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यायची निकड वाटेनाशी होते आणि माणूस शुद्ध हरपून पाण्याखाली जातो.

धक्का ओसरल्यावर पुढचा टप्पा सुरू होतो. रक्त हातापायांतून धडाकडे वळतं, म्हणून थोड्याच वेळात लघवीला लागते. नॉरअॅड्रेनॅलिन हे शरीराला सावध करणारं रसायन वाढतं, त्यामुळे बाहेर आल्यावर तरतरी वाटते. बोटं बधिर होऊ लागतात. बर्फगार पाण्यासाठी कॅनडाचे गॉर्डन गीजब्रेख्त यांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात तोवर स्वतःला बाहेर काढायला, आणि एक तास शुद्ध हरपेपर्यंत. तो अपघातात सापडलेल्यांसाठी आहे, पण त्यातला दहा मिनिटांचा आकडा आपणही ध्यानात ठेवायचा. हात आखडल्यावर टबच्या कडेला धरून उठणंही जड जातं.

आणि एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावरही दहा-वीस मिनिटं शरीराच्या गाभ्याचं, म्हणजे आतल्या अवयवांचं, तापमान उतरत राहतं. टबमध्ये ठीक वाटत होतं आणि कपडे घालताना हुडहुडी भरली, हे त्यामुळेच.

## यातून मिळतं काय

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं, जिना उतरताना मांड्या बोंबलतात, त्या दुखण्यावर गार पाण्याचा उपयोग होतो. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०१२ मध्ये १७ छोट्या प्रयोगांचा, एकूण ३६६ जणांचा आढावा घेतला. नुसत्या विश्रांतीच्या तुलनेत गार पाण्यात बसणाऱ्यांचं दुखणं पुढचे काही दिवस कमी होतं, असं त्यात दिसलं. त्याच संस्थेनं २०१५ मध्ये सर्वांगाच्या क्रायोथेरपीचा आढावा घेतला, तेव्हा हाती लागले चार प्रयोग आणि ६४ माणसं, तीही जवळजवळ सगळी तरुण पुरुष. त्यावरून दुखणं कमी होतं असं म्हणायला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष निघाला. क्रायो चेंबरमध्ये जाऊन बरं वाटतं हे खरंच आहे, पण दुखण्यावरचा पुरावा टबाच्या बाजूनं जास्त आहे.

स्नायू कमावणाऱ्यांनी मात्र इथे थांबून विचार करावा. २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांनी १२ आठवडे वजनांचा व्यायाम केला. एका गटानं प्रत्येक सत्रानंतर दहा मिनिटं साधारण १० अंशांच्या पाण्यात बसायचं, दुसऱ्यानं सावकाश सायकल चालवायची. शेवटी गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले होते आणि ताकदही कमी वाढली होती. व्यायामानंतर स्नायूत जी दुरुस्तीची लगबग सुरू होते तिच्यातूनच वाढ होते. थंडी ती लगबगच थंडावते. म्हणून ताकदीच्या व्यायामानंतर लगेच आइस बाथ घेऊ नये. मध्ये पाच-सहा तास जाऊ द्यावेत, किंवा तो दिवसच सोडावा. याउलट स्पर्धा सुरू आहे, आज सामना झाला, उद्या सकाळी पुन्हा उतरायचं आहे, अशा वेळी वाढीची चिंता नसते; उद्यापर्यंत पाय हलके व्हायला हवे असतात. तिथे गार पाणी चोख कामाला येतं.

मन आणि तरतरीबद्दल बोलताना एक अभ्यास हटकून पुढे केला जातो: २००० सालचा, ज्यात नॉरअॅड्रेनॅलिन ५३० टक्क्यांनी आणि डोपामिन (मेंदूतलं उमेद वाढवणारं रसायन) २५० टक्क्यांनी वाढलं. आकडे खरे आहेत. पण त्यात तरुण माणसं १४ अंशांच्या पाण्यात पूर्ण एक तास बसली होती. दोन मिनिटांच्या डुबकीला ते आकडे चिकटवणं बरोबर नाही. थोड्या वेळानंही उत्साह वाटतो, तेवढं पुरे आहे.

नेदरलँड्समध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेला गार शॉवरचा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तो मोठा आहे आणि घरच्या घरी होण्यासारख्या गोष्टीवर आहे. ३,०१८ जण त्यात होते. नेहमीच्या गरम शॉवरच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार पाणी, महिनाभर रोज. या मंडळींची आजारपणाची रजा २९ टक्क्यांनी कमी झाली. आजारी असण्याचे दिवस मात्र तेवढेच राहिले. आजारी असूनही ती कामावर जाऊ शकली, असा त्याचा अर्थ लागतो. आणि ३० सेकंदवाले आणि ९० सेकंदवाले यांच्यात फरक पडला नाही.

वजन उतरवण्यासाठी म्हणून कुणी या फंदात पडत असेल तर पडू नये. थंडीत शरीर जास्त ऊर्जा जाळतं, तपकिरी चरबीही (उष्णता तयार करणारी चरबी) कामाला लागते, पण काही मिनिटांच्या थंडीत जळणारी ऊर्जा किरकोळ असते आणि नंतर भूकही खवळते. ‘शरीरातली सूज लगेच उतरते’ हे वाक्यही जपून घ्यावं. सूज दाखवणारे रक्तातले घटक गार पाण्यानंतर लगेच आणि तासाभरानं उलट वाढलेले दिसतात.

एका ठिकाणी मात्र गार पाणी खरोखर जीव वाचवतं. उन्हात जोरकस व्यायाम करताना उष्माघात झाला, शरीराच्या गाभ्याचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळायला लागला, तर त्याला तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवणं हा सर्वात परिणामकारक उपाय आहे. डोकं वर धरून ठेवायचं, रुग्णवाहिका बोलवायची, पण गार करणं तिच्यासाठी थांबवायचं नाही. मैदानावर काम करणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला हे माहीत असायला हवं.

## कोणी लांब राहावं

हृदयविकार, ठोक्यांची अनियमितता, नुकताच येऊन गेलेला झटका, औषधांनीही आटोक्यात न येणारा रक्तदाब, पक्षाघात, फिट्स: या मंडळींनी गार पाण्याचा किंवा चेंबरचा विचारही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये. बोटं थंडीनं पांढरी-निळी पडत असतील (रेनॉड), गार वाऱ्यानं अंगावर गांधी उठत असतील, थंडीत गुठळ्या होणारा रक्ताचा विकार असेल, पायांत रक्त नीट पोहोचत नसेल, तर हा उपचार तुमच्यासाठी नाही. गरोदरपणात नको. उघडी जखम, ताप, छातीतला कफ असताना नको.

मधुमेहींना वेगळं सांगायला हवं. पायांची संवेदना कमी झाली असेल तर कातडी गोठतेय हे कळतच नाही, आणि थंडीचा इशारा म्हणजे वेदना; तोच मिळत नसेल तर कुठे थांबायचं हे ठरवणार कसं? रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी औषधं) चालू असतील तरीही आधी विचारून घ्या. दारू प्यायलेल्या माणसानं पाण्यात उतरू नये. दारूनं कातडीच्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात, उष्णता वेगानं निसटते, आणि धोका ओळखायची अक्कल आधीच गेलेली असते.

## सुरुवात शॉवरपासून

पहिले दोन आठवडे टब विसरा. नेहमीच्या कोमट पाण्यानं अंघोळ करा आणि शेवटी पाणी गार करा. आधी पावलं, मग पोटऱ्या, मांड्या, हात, आणि सर्वात शेवटी छाती व पाठ. छातीवर पाणी येताच श्वास अडकेल. त्या क्षणी एकच काम करायचं: श्वास सोडायचा. तोंडानं, फुंकर मारल्यासारखा, लांब. आत घेणं आपोआप होतं, सोडणं मुद्दाम करावं लागतं. चार-पाच लांब उच्छ्वास झाले की खांदे खाली येतात आणि धाप मंदावते. सुरुवातीला १५ सेकंद, मग ३०, मग मिनिटभर. पाणी अंगावर असताना सावकाश एक पूर्ण वाक्य बोलता आलं, की पुढच्या पायरीला हरकत नाही.

अनेकांना इथेच थांबलं तरी चालेल. सकाळी तरतरी हवी, आळस झटकायचा, एवढाच हेतू असेल तर टब, बर्फ आणि थर्मामीटर यांची गरजच नाही.

## टब भरताना

टब असा हवा की आत बसल्यावर पाणी बरगड्यांच्या वर येईल आणि कडेला धरून सहज उठता येईल. अरुंद, उंच पिंपात उतरणं सोपं असतं, बधिर पायांनी बाहेर येणं अवघड. बाहेर न घसरणारी चटई टाका. पाण्यात तरंगणारा थर्मामीटर घ्याच. अंदाजानं पाणी किती गार आहे ते कळत नाही. पाच अंशांचं आणि बारा अंशांचं पाणी हाताला सारखंच ‘बर्फगार’ लागतं, आणि त्या दोहोंत फार फरक आहे.

बर्फ किती लागेल याचं गणित सोपं आहे. समजा टबात १५० लिटर पाणी २५ अंशांवर आहे आणि ते १२ अंशांवर आणायचं आहे. प्रत्येक लिटर १३ अंश उतरवायचं, म्हणजे १,९५० किलोकॅलरी उष्णता काढायची. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो आणि वितळलेलं पाणी शून्यावरून १२ अंशांवर येताना आणखी १२. एकूण ९२. भागाकार केला की २१ किलो. टबच्या भिंती आणि भोवतालची हवा यांच्यासाठी थोडा जास्त, म्हणजे २५ किलो हाताशी ठेवा. तेच पाणी सुरुवातीला २० अंशांवर असेल तर १३ किलोंत काम भागतं. बर्फ विकत घेण्याआधी नळाचं पाणी मोजावं ते एवढ्यासाठी. गारठ्याच्या दिवसांत नळाचं पाणीच अनेकदा पुरेसं गार असतं. बारीक तुकडे पटकन विरघळतात, मोठी लादी सावकाश. बाटल्यांत पाणी गोठवून त्या टबात टाकता येतात, पाणी वाया जात नाही, पण अर्धा-पाऊण तास आधी टाकाव्या लागतात. मोजण्याआधी पाणी चांगलं ढवळा. ड्राय आइस टबात कधीही टाकू नका: तो उणे ७८ अंशांचा असतो, कातडी जाळतो आणि बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचवतो.

विजेवर चालणारा चिलर असेल तर अर्थिंग तपासून घ्या आणि करंट गळताच वीज तोडणारा स्विच त्या लाइनवर असू द्या. पाणी गार आहे म्हणून जंतू वाढत नाहीत असं नाही. आधी अंग धुऊन उतरा. फिल्टर नसेल तर एका-दोन वापरांनंतर पाणी बदला.

## पाण्यात उतरताना

सोबत कुणीतरी असायलाच हवं, निदान हाकेच्या अंतरावर. सवय झालेल्यांनीही हा नियम मोडू नये. उतरण्याआधी कोरडा टॉवेल, गरम कपडे, मोजे, काहीतरी गरम प्यायला, हे सगळं हाताशी मांडून ठेवा, कारण बाहेर आल्यावर बोटं बटण लावण्याइतकीही चालत नाहीत. फोनवर गजर लावा. पोट अगदी भरलेलं किंवा अगदी रिकामं नको.

पाय टाका, थांबा. गुडघ्यांवर बसा, थांबा. कंबर पाण्यात गेली की एक लांब उच्छ्वास सोडत छातीपर्यंत खाली जा. उडी मारू नका, झटक्यात बसू नका. पहिलं मिनिटभर फक्त श्वासाकडे लक्ष. वेळ मोजायची घाई नको, गप्पा नकोत, व्हिडिओ तर नकोच. मिनिटभरात श्वास ताब्यात आला नाही तर उठा. त्यात कमीपणा काही नाही. त्या दिवशी शरीर तयार नव्हतं एवढंच.

श्वास सावरला की वेदना येते, बहुधा पावलांच्या आणि हातांच्या बोटांत. ती सोसण्यासारखी असते, पण हात मुद्दाम बुडवून ठेवण्यात काही मिळत नाही. हाताची घडी घालून तळवे काखेत धरले किंवा पाण्याबाहेर ठेवले तरी मांड्या-पोटऱ्यांचा उपचार होतोच. निश्चल बसलं की अंगालगतचं पाणी थोडं कोमट होतं आणि बरं वाटू लागतं. पाय हलवले की तो थर मोडतो आणि थंडी नव्यानं झोंबते. म्हणजे तापमान तेच ठेवूनही मात्रा कमी-जास्त करता येते. नवख्यांनी स्थिर बसावं.

पहिल्या वेळी १८ ते २० अंशांचं पाणी आणि एक-दोन मिनिटं पुरेत. तीन-चार वेळा जमलं की १५ अंश आणि तीन ते पाच मिनिटं. अंग सावरण्यासाठी ज्या मात्रेचा सर्वाधिक उपयोग दिसतो ती ११ ते १५ अंश आणि ११ ते १५ मिनिटं. त्यापेक्षा गार पाण्यात वेळ त्या मानानं घटवायचा. १० अंशांच्या खाली जाण्याचं एकही सबळ कारण सामान्य माणसाकडे नाही, आणि १५ मिनिटांच्या पुढे बसण्याचंही नाही. तापमान आणि वेळ या दोन्हींत एकाच दिवशी बदल करू नका. एकदा पाणी गार करा, पुढच्या वेळी मिनिटं वाढवा.

आठवड्याला ११ मिनिटं असा एक आकडा सगळीकडे फिरतो. तो डेन्मार्कमधल्या हिवाळ्यात पोहणाऱ्या मोजक्या पुरुषांच्या निरीक्षणातून आला आहे. ते तेवढा वेळ पाण्यात असत, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेकांना आठवड्यात दोन-तीन वेळा पुरे होतं.

## बाहेर आल्यावर

अंग टिपून कोरडं करा, चोळू नका. आधी धडावर कपडे, मग पायांत मोजे, डोक्याला टोपी. सावकाश चाला, गरम काही प्या. थेट कडकडीत पाण्याखाली उभं राहायचा मोह होतो, तो आवरा. आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम उघडल्या की रक्तदाब घसरतो आणि बाथरूममध्येच चक्कर येऊन पडायला होतं. अर्ध्या तासानं कोमट पाण्यानं अंघोळ करायला हरकत नाही. थोडी हुडहुडी भरणं स्वाभाविक आहे, शरीर स्वतःला तापवतंय. तासाभरानंतरही कुडकुडणं थांबत नसेल तर त्या दिवशीची मात्रा जास्त झाली. पुढच्या वेळी दोन मिनिटं कमी. बोटांची संवेदना पूर्ण परत येईपर्यंत गाडी चालवू नका. झोपायच्या तोंडावर आइस बाथ घेतल्यानं काहींची झोप उडते. सकाळ किंवा दुपार बरी.

## क्रायो चेंबरला जायचंच असेल

जाण्याआधी विचारा: यंत्र विजेवर चालतं की नायट्रोजनवर? नायट्रोजनचं असेल तर खोलीत ऑक्सिजन मोजणारा अलार्म आहे का, हवा खेळती आहे का, आणि कर्मचारी सगळा वेळ समोर उभा राहतो का? या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर परत फिरा.

एवढा कडकपणा का, ते सांगतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. गुदमरल्याची जाणीव आपल्याला कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही. नायट्रोजननं भरलेल्या हवेत श्वास नेहमीसारखा चालू राहतो, काहीच वावगं वाटत नाही, आणि माणूस कोसळतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात अशाच एका केंद्रातली कर्मचारी कामाची वेळ संपल्यावर एकटीच कॅबिनमध्ये गेली आणि ऑक्सिजनअभावी तिचा मृत्यू झाला. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ग्राहकांना जाहीर इशारा दिला की कोणत्याही आजाराच्या उपचारासाठी अशा एकाही यंत्राला मान्यता दिलेली नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: पर्याय असेल तर विजेवर चालणारी खोली निवडा. नायट्रोजनच्या कॅबिनमध्ये जावंच लागलं तर आतला पाट इतका वर उचलायला लावा की हनुवटी कडेच्या वर राहील, आणि खाली वाकू नका.

आत जाताना अंग पूर्ण कोरडं हवं. व्यायामाहून थेट येऊ नका. घाम सुकू द्या. लोशन, तेल पुसून टाका. दागिने, घड्याळ, धातूची तार असलेली अंतर्वस्त्रं काढा. सुती किंवा लोकरीचे कोरडे मोजे, हातमोजे, कान झाकणारी पट्टी, पूर्ण खोली असेल तर नाकातोंडावर मास्कही. ओलाव्याची किंमत काय असते ते धावपटू जस्टिन गॅटलिनला विचारावं: २०११ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेआधी तो ओल्या मोज्यांनी चेंबरमध्ये गेला आणि पावलांना हिमदंश झालेल्या अवस्थेत शर्यतीला उतरला.

चांगल्या केंद्रात आधी रक्तदाब मोजतात. पूर्ण खोलीच्या यंत्रात पहिल्या कक्षात साधारण उणे ६० अंशांना अर्धा मिनिट थांबवून मग मुख्य कक्षात पाठवतात. पहिल्या वेळी दीड-दोन मिनिटंच सांगा, आणि तीन मिनिटांच्या पुढे कुणी आग्रह केला तरी जाऊ नका. आत श्वास शांत, नाकानं. हातपाय सावकाश हलवा, पण स्वतःची कातडी चोळू नका. दाराला आतून कडी-कुलूप नसावं, नुसतं ढकलून उघडायला हवं. हे बाहेर असतानाच स्वतः ढकलून पाहा.

## थांबायच्या खुणा

टबात असताना जीभ अडखळू लागली, हात मनासारखे चालेनात, झोप आल्यासारखं वाटू लागलं, किंवा जोरात चाललेलं कुडकुडणं अचानक थांबलं आणि बरं वाटू लागलं, तर गाभ्याचं तापमान धोक्याच्या खाली चाललं आहे. सोबतच्या माणसानं वाद न घालता बाहेर काढावं, कोरडं करून गुंडाळावं. कातडीचा एखादा भाग पांढरट, मेणासारखा आणि बधिर झाला तर तो चोळू नका, शेगडीसमोर धरू नका. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, तर पुन्हा गार पाण्यात उतरायचं नाही, आधी तपासणी.

छातीत दुखणं, ठोके चुकल्यासारखे वाटणं, बाहेर आल्यावरही न थांबणारी धाप किंवा फेसाळ कफ, एकाएकी काही आठवेनासं होणं, यातलं काहीही झालं तर वाट पाहू नका. रुग्णालय गाठा, आणि तिथे पोहोचल्यावर किती गार पाण्यात, किती वेळ बसला होता हे डॉक्टरांना सर्वात आधी सांगा.